पॅक्स-६ जनुकातील उत्परिवर्तन आणि अ‍ॅनिरिडिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अ‍ॅनिरिडियाचं निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी आणि स्वतःला हा विकार असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. जनुकीय अहवाल समोर ठेवून त्यातल्या अक्षरांचा अर्थ लावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडेल. बाळ नुकतंच जन्मलं असेल आणि घरात आधी कुणालाच हा विकार नसेल, तर बाकी सगळं राहू द्या आणि मूत्रपिंडांबद्दलचा प्रश्न आधी वाचा. त्यात वेळेला महत्त्व आहे.

अ‍ॅनिरिडिया म्हणजे काय? बाळाच्या डोळ्यात नेमकं काय दिसतं?

बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, जन्मापासूनच नसणं किंवा अगदी अपुरा असणं. त्यामुळे डोळ्याचा मधला भाग तपकिरी किंवा घारा न दिसता जवळजवळ सगळा काळा दिसतो. उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेतं. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत डोळे आडवे लकलकू लागतात. याला निस्टॅग्मस म्हणतात आणि बहुतेक घरांत तेच पहिल्यांदा लक्षात येतं.

शब्दशः अर्थ ‘आयरिस नसणं’ असला तरी हा एका पडद्याचा आजार नाही. दृष्टिपटल, भिंग, पारदर्शक कॉर्निया, दृष्टिचेता, डोळ्यातलं पाणी वाहून नेणारा कोपरा, या सगळ्यांची घडण बिघडलेली असू शकते. हा विकार ४०,००० ते १,००,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. मुलगा-मुलगी असा फरक नसतो.

यात पॅक्स-६चा संबंध काय?

पॅक्स-६ हे ११व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, ११पी१३ या जागी बसलेलं जनुक. अ‍ॅनिरिडियाशी त्याचा संबंध १९९१ साली उघड झाला. त्यावरून बनणारं प्रथिन ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे ते स्वतः डोळ्याची एकही भिंत बांधत नाही. ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि तिथली इतर जनुकं चालू किंवा बंद करतं. भिंगाला पारदर्शक ठेवणारी क्रिस्टलिन प्रथिनं आणि कॉर्नियाच्या वरच्या थराला बळकटी देणारं केराटिन-१२ यांच्या जनुकांवर त्याचंच नियंत्रण असतं. डोळ्याशिवाय मेंदू, वास ओळखणारी यंत्रणा आणि स्वादुपिंड घडतानाही ते लागतं.

या प्रथिनाची ताकद १९९५ साली बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत दिसली. फळमाशीत हेच जनुक भलत्या जागी चालू केल्यावर तिच्या पायांवर, पंखांवर आणि स्पर्शिकांवर डोळे उगवले. उंदराचं जनुक वापरलं तरीही उगवले, आणि ते माशीचेच डोळे होते. ‘डोळा घडव’ हा हुकूम प्राण्यांमध्ये किती जुना आहे याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणं कठीण.

प्रथिनाची रचना कशी असते?

नेहमीचा प्रकार ४२२ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्यांची बनते त्या घटकांचा. त्याचे तीन भाग लक्षात ठेवले की उत्परिवर्तनांचे, म्हणजे जनुकाच्या मजकुरातल्या बदलांचे, अहवाल बरेच उलगडतात.

सुरुवातीलाच १२८ अमिनो आम्लांचा पेअर्ड डोमेन आहे. त्यात दोन गाठी असतात, पीएआय आणि आरईडी, आणि त्यांच्यामध्ये एक लवचीक दुवा. डीएनएचं सर्पिल दोरासारखं डोळ्यांसमोर आणा. त्याला एक रुंद खाच आणि एक अरुंद खाच असते. पीएआयमधला एक आखूड सर्पिल तुकडा रुंद खाचेत घट्ट रुततो आणि तिथली अक्षरं ओळखतो. दुवा अरुंद खाचेतून पुढे सरकतो आणि आरईडी पुढच्या रुंद खाचेत हात घालतं. या पकडीत एक अमिनो आम्ल चुकीचं आलं तरी पकड सुटते किंवा भलतीकडे बसते.

त्यानंतर ६० अमिनो आम्लांचा होमिओडोमेन येतो. तोही डीएनएला धरणारा. शेवटचा सुमारे दीडशे अमिनो आम्लांचा भाग प्रोलीन, सेरीन आणि थ्रिओनीन यांनी भरलेला असतो. तो डीएनएला धरत नाही. जनुक चालू करणाऱ्या यंत्रणेला तिथे बोलावून आणतो. पहिले दोन भाग शाबूत आणि शेवटचा तुटलेला, असं प्रथिन जागेवर जाऊन बसेल, पण काम पुरतं करणार नाही.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात ना? एक चांगली असताना आजार का होतो?

कारण इथे सगळा प्रश्न मात्रेचा आहे. पुष्कळ विकरांच्या (एन्झाइमांच्या) बाबतीत निम्मं उत्पादनही पुरतं, म्हणून एक प्रत बिघडलेली माणसं निरोगी राहतात. पॅक्स-६च्या बाबतीत ते चालत नाही. डीएनएवरच्या काही जागा त्याला घट्ट धरतात, काही सैल. प्रथिन निम्म्यावर आलं की सैल जागा रिकाम्या राहतात आणि तिथली जनुकं हवी तेव्हा चालू होत नाहीत. त्यात पॅक्स-६ स्वतःच्याच जनुकालाही चालना देतं, त्यामुळे कमतरतेतून आणखी कमतरता वाढते. याला हॅप्लोइन्सफिशिअन्सी म्हणतात, म्हणजे एका प्रतीवर न भागणं.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. उंदरांमध्ये पॅक्स-६च्या जादा प्रती घातल्यावरही डोळे बिघडले. कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. उपचारांचा प्रश्न पुढे येईल तेव्हा हे लागणार आहे, म्हणून ध्यानात असू द्या.

दोन्ही प्रती बिघडल्या तर? १९९४ साली अशा एका बाळाची नोंद झाली. दोन्ही पालकांकडून वेगवेगळं उत्परिवर्तन आलेलं ते बाळ डोळ्यांशिवाय आणि मेंदूच्या गंभीर दोषांसह जन्मलं आणि जगलं नाही.

बाळाला अ‍ॅनिरिडिया आहे, घरात कुणालाच नाही. मूत्रपिंडांची तपासणी का सांगतात?

पॅक्स-६च्या शेजारी, डीएनएच्या सुमारे ७ लाख अक्षरांच्या अंतरावर, डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे. गुणसूत्राचा तुकडाच गळाला असेल तर दोन्ही जनुकांची एकेक प्रत एकदम जाते. मग अ‍ॅनिरिडियासोबत विल्म्स ट्यूमर हा मूत्रपिंडाचा कर्करोग, जननेंद्रियांचे व मूत्रमार्गाचे दोष आणि बौद्धिक वाढीतल्या अडचणी येऊ शकतात. या संचाला वॅगर सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना विल्म्स ट्यूमर होतो, बहुतेकांना शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांपर्यंतच. लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते.

करायचं ते असं. निदान होताच रक्त जनुकीय तपासणीला पाठवा. त्याच आठवड्यात मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या. अहवाल येईपर्यंत दर ३ महिन्यांनी ती पुन्हा करा. अहवालात ‘डब्ल्यूटी-१च्या दोन्ही प्रती आहेत’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर सोनोग्राफी थांबवता येते. डब्ल्यूटी-१ गळालेलं असेल तर दर ३ महिन्यांची सोनोग्राफी ८ वर्षांच्या वयापर्यंत चालू ठेवायची, आणि पुढेही रक्तदाब व लघवीतलं प्रथिन तपासत राहायचं, कारण वयासोबत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, ‘पॅक्स-६चं सीक्वेन्सिंग नॉर्मल’ एवढ्यावर समाधान मानणं. सीक्वेन्सिंग म्हणजे जनुकाची अक्षरं एकेक करून वाचणं. संपूर्ण प्रत गळालेली असते तेव्हा सीक्वेन्सिंग उरलेली चांगली प्रतच वाचतं आणि सगळं ठीक दाखवतं. दुसरी, वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरेशी मानणं. ही गाठ आठवड्यांच्या हिशेबात वाढते. ३ महिन्यांचं अंतर म्हणूनच ठरवलेलं आहे.

मुलग्यात अंडकोश खाली न उतरणं आणि मुलीत अंडाशय अपुरे असणं हेही वॅगरमध्ये दिसतं. त्याची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. डोळ्यांच्या गडबडीत ती राहून जाते. तुटलेला तुकडा आणखी लांब असेल आणि बीडीएनएफ हे जनुकही गेलं असेल, तर लहानपणापासून न शमणारी भूक आणि लठ्ठपणा येतो.

अहवालात ‘सी.६०७सी>टी, पी.एआरजी२०३*’ असं लिहिलं आहे. हे वाचायचं कसं?

डावीकडून एकेक तुकडा घेऊ. पहिलं ‘सी.’ म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेल्या क्रमातली जागा. ‘६०७’ म्हणजे त्यातलं ६०७वं अक्षर. ‘सी>टी’ म्हणजे तिथे सायटोसीनच्या जागी थायमीन आलं. पुढे ‘पी.’ म्हणजे प्रथिनावरचा परिणाम. ‘एआरजी२०३’ म्हणजे २०३वं अमिनो आम्ल, जे आर्जिनीन असायला हवं होतं. तारांकन म्हणजे थांबा. सीजीए हा आर्जिनीनचा संकेत होता. पहिलं अक्षर बदलून टीजीए झाला, आणि टीजीए म्हणजे ‘प्रथिन इथे संपलं’.

४२२ पैकी २०२वरच काम थांबलं. पण तसं अर्धवट प्रथिन बहुधा बनतच नाही. पेशीत एक पहारा असतो: शेवटच्या एक्सॉन-जोडाच्या (एक्सॉन म्हणजे जनुकातले मजकुराचे तुकडे) ५० ते ५५ अक्षरं आधी कुठेही थांबा आला तर ती आरएनए प्रत सदोष ठरवून नष्ट केली जाते. म्हणून अशा बदलाचा परिणाम एक प्रत पूर्ण गेल्यासारखाच होतो आणि नमुनेदार अ‍ॅनिरिडिया दिसतो.

२०३, २४०, २६१ आणि ३१७ या चार जागांवरचे आर्जिनीन-ते-थांबा बदल जगभर पुन्हा पुन्हा सापडतात, एकमेकांशी नातं नसलेल्या कुटुंबांतही. चारही ठिकाणी सायटोसीननंतर ग्वानीन येतं. अशा जोडीतल्या सायटोसीनवर मिथाइल गट बसतो, आणि मग त्या सायटोसीनचा अमिनो गट निसटला की आपोआप थायमीन तयार होतं. ही रासायनिक झीज आहे. गरोदरपणात कुणी काय खाल्लं किंवा काय केलं याचा तिच्याशी संबंध नाही. आईला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण ती विचारत नसली तरी मनात तोच प्रश्न असतो.

एका प्रयोगशाळेने २०३ लिहिलं, दुसरीने २१७. कोण चुकलं?

कुणीच नाही. पॅक्स-६चा दुसरा एक प्रकार असतो, ५ए. त्यात ५ए हा छोटा एक्सॉन घेतला जातो, ४२ अक्षरांचा, म्हणजे १४ अमिनो आम्लांचा. हा प्रकार ४३६ अमिनो आम्लांचा होतो. जादा तुकडा ४७व्या अमिनो आम्लानंतर शिरतो, त्यामुळे त्यापुढचा प्रत्येक आकडा १४ने सरकतो. २०३चा २१७ होतो आणि ६०७चा ६४९. ४७पर्यंतचे आकडे दोन्हीकडे तेच राहतात.

अहवालाच्या तळाशी कोणता ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीचा कोणता प्रकार, वापरला ते दिलेलं असतं. बहीण-भावाचे किंवा आई-मुलाचे अहवाल वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर आधी तो जुळवा. केवळ आकडा जुळला नाही म्हणून ‘घरातलं उत्परिवर्तन मिळालं नाही’ असा निष्कर्ष काढणं ही टाळता येण्याजोगी चूक आहे.

एकच अमिनो आम्ल बदललं आहे. म्हणजे सौम्य आजार का?

पुष्कळदा हो, पण तसं गृहीत धरू नये. अशा, म्हणजे मिसेन्स, बदलांपैकी बहुतेक पेअर्ड डोमेनमध्ये सापडतात. प्रथिन बनतं, फक्त पकड बिघडलेली असते. १२८व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन आलं तर आयरिस जवळपास पूर्ण असूनही फोव्हिआ, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरचा खळगा, अपुरा राहिल्याची नोंद आहे. २६व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लायसीन आलं तर पीटर्स अनॉमली दिसली आहे, म्हणजे कॉर्नियाच्या मध्यभागी जन्मतः पांढरेपणा. असे रुग्ण ‘अ‍ॅनिरिडिया नाही’ म्हणून पॅक्स-६च्या तपासणीतून सुटतात.

आणि काही मिसेन्स बदल उलटे जास्त जड असतात. डोळाच लहान राहतो. निकामी प्रथिन नुसतं गैरहजर नसतं, ते जागा अडवून बसू शकतं. प्रत गळणं आणि प्रत बिघडणं यांतला फरक इथे कळतो.

आणखी एक प्रकार आहे, थांबाच नाहीसा होण्याचा. ४२३व्या जागचा टीएए हा थांबा टीटीए झाला की तिथे ल्युसीन बसतं आणि प्रथिनाला जादा शेपूट फुटतं. यात अ‍ॅनिरिडिया तर होतोच, काही रुग्णांत दृष्टिपटलाखाली स्राव साचल्याचंही आढळलं आहे. अहवालात ‘एक्स्टेन्शन’ हा शब्द असेल तर दृष्टिपटलाच्या तपासणीकडे अधिक बारकाईने पाहायला सांगा.

डोळे सांगतात अ‍ॅनिरिडिया, पण तपासणीत काही सापडत नाही. पुढे काय?

तपासणीचा क्रम नीट झाला का ते आधी पाहा. ईडीटीए असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत काही मिलिलिटर रक्त पुरतं. पहिल्या पायरीवर ५ए धरून सर्व एक्सॉन आणि त्यांच्या कडेची इंट्रॉनची, म्हणजे एक्सॉनांच्या मधल्या भागांची, अक्षरं वाचायची. दुसरी पायरी एमएलपीए. यात प्रत्येक तुकड्याच्या प्रती मोजल्या जातात, आणि संचात डब्ल्यूटी-१ व ईएलपी-४ दोन्ही असायला हवेत. तिसरी, क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे. गळालेल्या तुकड्याची लांबी त्यातून कळते.

एमएलपीएमध्ये एकच एक्सॉन गळालेला दिसला तर लगेच विश्वास ठेवू नका. मोजणारा प्रोब जिथे चिकटतो तिथे एखादं निरुपद्रवी अक्षर बदललेलं असलं तरी तो नीट चिकटत नाही आणि तुकडा गळाल्याचा भास होतो. ती जागा सीक्वेन्स करून किंवा दुसऱ्या पद्धतीने मोजून खात्री करतात.

ईएलपी-४ का? पॅक्स-६ चालू ठेवणारे दूरचे स्विच या शेजारच्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये आहेत. त्यांतल्या एकाचं नाव सिमो, पॅक्स-६पासून सुमारे दीड लाख अक्षरं दूर. पॅक्स-६चं एकही अक्षर न बदलता हा स्विच गेला तरी अ‍ॅनिरिडिया होतो. सिमोमधलं एकच अक्षर बदलल्यानेही झालेला आहे: पॅक्स-६ प्रथिन जिथे बसून स्वतःचं जनुक चालू ठेवतं, नेमकी ती जागा त्या बदलाने मोडली होती.

एवढं होऊनही हाती काही लागलं नाही, तर कॅरियोटाइप, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यावा. गुणसूत्राचा तुकडा उलटा किंवा दुसऱ्या गुणसूत्रावर जोडला गेला, पण हरवला काहीच नाही, तर मायक्रोअ‍ॅरेला ते दिसत नाही. त्यानंतर संपूर्ण जीनोम सीक्वेन्सिंग. आणि निदान पुन्हा तपासा: फॉक्ससी-१ व पिटएक्स-२ यांच्या बिघाडातही आयरिस विरळ असू शकतो. बाहुली मोठी व स्थिर, सोबत तोल सांभाळण्यात अडचण आणि स्नायू सैल असतील तर गिलेस्पी सिंड्रोमचा विचार करतात. त्याचं जनुक आयटीपीआर-१, पॅक्स-६ नव्हे.

‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असा शेरा आहे. याचा अर्थ दोष आहे की नाही?

आज ठरवता येत नाही, एवढाच. बदलांचे पाच वर्ग करतात आणि हा मधला. दोन्ही पालकांचं रक्त तपासा: निरोगी पालकातही तोच बदल असेल तर संशय कमी होतो, दोघांतही नसून बाळात नव्याने आला असेल तर वाढतो. निरोगी ठरवण्यापूर्वी त्या पालकाचे डोळे स्लिट लॅम्पने (डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाने) आणि फोव्हिआ ओसीटीने (दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या चित्राने) तपासलेला हवा. आयरिसच्या कडेला छोटीशी खाच किंवा उथळ फोव्हिआ माणसाला जन्मभर ठाऊक नसतो. मधल्या वर्गातल्या शेऱ्यावर गर्भाबद्दलचा निर्णय घेऊ नये.

मुलाची दृष्टी किती राहील?

बहुतेकांची ६/३० ते ६/६०च्या आसपास असते (६/३० म्हणजे निरोगी डोळा ३० मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून वाचता येणं), पण एकाच घरात, एकाच उत्परिवर्तनात, भावाबहिणींमध्ये मोठा फरक पडू शकतो. अहवालातल्या अक्षरांवरून चष्म्याचा नंबर किंवा शाळेतली वाचनाची गती सांगता येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दृष्टीची मुख्य मर्यादा फोव्हिआची असते. निरोगी दृष्टिपटलाच्या मध्यावर एक खळगा असतो. तिथेच बारीक अक्षरं वाचली जातात. ओसीटीच्या चित्रात तो वाटीसारखा दिसतो. अ‍ॅनिरिडियात ती वाटी उथळ असते किंवा सपाट रेघच असते. ही घडण झालेली नसते, म्हणून चष्मा किंवा शस्त्रक्रिया तिला परत आणत नाही. चष्मा तरीही हवाच, कारण जेवढी क्षमता आहे तेवढी पुरती वापरली गेली पाहिजे. नंबर वेळच्या वेळी दिला नाही तर आळशी डोळ्याची भर पडते, आणि ती टाळता येण्याजोगी असते. गडद काचा, रुंद काठाची टोपी, मोठ्या व ठळक अक्षरांची पुस्तकं, भिंग, वर्गात खिडकीकडे पाठ करून पुढच्या बाकावर जागा, यांनी रोजच्या जगण्यात खरा फरक पडतो.

काचबिंदूची तपासणी किती वेळा?

आयुष्यभर, निदान वर्षातून एकदा. डोळ्यातला दाब वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. काचबिंदू जन्मतः क्वचित असतो. तो बहुधा मोठ्या मुलांत आणि तरुणपणी येतो, म्हणजे नेमका घरचे निर्धास्त झाल्यावर. आयरिसचा उरलेला खुंट हळूहळू पुढे ओढला जाऊन पाणी वाहून नेणारी जाळी झाकतो, किंवा ती जाळीच मुळात नीट घडलेली नसते.

दाबाचा आकडा वाचताना एक गोष्ट पाहा. अ‍ॅनिरिडियात कॉर्निया जाड असतो, मधोमध बहुधा ६०० मायक्रॉनच्या वर. जाड कॉर्नियावर यंत्र दाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणून जाडी एकदा मोजून नोंदवून ठेवावी आणि दाबासोबत दृष्टिचेतेचं डोकंही दर वेळी पाहावं. लहान बाळ नीट तपासू देत नसेल तर भूल देऊन तपासणी करावी लागते.

कॉर्निया धुरकट का होऊ लागतो? कॉर्निया बदलून चालेल का?

कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, लिंबसमध्ये, मूळ पेशींचा साठा असतो. कॉर्नियाचा वरचा थर तिथून सतत नवा होतो. पॅक्स-६ निम्मं असलं की तो साठा कमकुवत पडतो. स्लिट लॅम्पखाली सुरुवात कडेलाच दिसते: पृष्ठभाग किंचित खरखरीत, करडा, आणि त्यात शिरणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. वर्षानुवर्षं ही सीमा मध्याकडे सरकत राहते.

रोजची काळजी साधी पण नेमकी असते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलावा देणारे थेंब वापरा. काचबिंदूचे थेंबही शक्यतो तसेच मागा. बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर पर्याय विचारा, कारण हे थेंब वर्षानुवर्षं घालायचे असतात आणि ते रसायन आधीच अशक्त असलेल्या पेशींना खातं. कॉन्टॅक्ट लेन्स हा निर्णय कॉर्निया-तज्ज्ञांशिवाय घेऊ नका.

नुसतं कॉर्निया-रोपण टिकत नाही. नवी काच बसवली तरी तिचा वरचा थर नूतनीकरण करणाऱ्या पेशी नसतातच, आणि काही काळात ती पुन्हा धुरकट होते. आधी दुसऱ्याच्या लिंबसच्या मूळ पेशींचं रोपण करावं लागतं आणि त्यासोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं येतात. दोन्ही डोळ्यांत दोष असल्याने स्वतःच्याच दुसऱ्या डोळ्यातून पेशी घेण्याची सोय इथे नसते. काही रुग्णांत कृत्रिम कॉर्निया बसवतात.

मोतीबिंदू काढावा का? कृत्रिम आयरिस बसवावा का?

मोतीबिंदू बहुतेकांना होतो, पण पुष्कळांत तो सौम्य असतो. दृष्टी फोव्हिआमुळे कमी आहे की मोतीबिंदूमुळे, हे आधी ठरवा. फोव्हिआमुळे असेल तर शस्त्रक्रियेने धोका वाढेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. भिंगाला धरून ठेवणारे तंतू कच्चे असू शकतात. शल्यचिकित्सकाला त्याची तयारी ठेवावी लागते.

डोळ्यात वारंवार शस्त्रक्रिया झाल्यावर, विशेषतः नळी, भिंग वगैरे वस्तू आत असताना, आतल्या बाजूला तंतुमय पडदा वाढण्याची गुंतागुंत अ‍ॅनिरिडियात होते. भिंग जागेवरून ढकललं जातं, दृष्टिपटल ओढलं जातं. त्यामुळेच केवळ दिसण्यासाठी कृत्रिम आयरिस बसवण्याला आमचा विरोध आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणारच असेल आणि उजेडाचा त्रास असह्य असेल, तर त्यावर चर्चा करता येते. त्यातही काचबिंदू बळावण्याचा धोका मोजूनच.

जनुक दुरुस्त करणारं औषध आहे का?

आज रुग्णांना देता येईल असं नाही. अकाली थांबा ओलांडून प्रथिन पूर्ण करायला लावणारं अ‍ॅटालुरेन हे औषध उंदरांत आशादायक ठरलं होतं. माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याचं मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. शिवाय ते केवळ थांबा-उत्परिवर्तनांसाठी होतं. प्रत गळालेल्यांना त्याचा उपयोग झाला नसता, कारण ओलांडायला थांबाच नसतो.

उंदरांच्या फलित बीजांडात क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने उत्परिवर्तन दुरुस्त करून निरोगी डोळे मिळाले आहेत. पण बाळ जन्मतं तोवर आयरिसची घडण होऊन गेलेली असते आणि फोव्हिआचीही बरीचशी झालेली असते. जन्मानंतरच्या उपचाराचं वास्तव लक्ष्य कॉर्निया आहे, कारण तिथे पॅक्स-६ची गरज आयुष्यभर असते. आणि प्रत बाहेरून घालायची तर मात्रा अचूक हवी. जास्त झाली तरी डोळा बिघडतो हे वर आलंच आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामांनी ही मात्रा बदलत नाही.

पुढच्या बाळाला होण्याची शक्यता किती?

आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के. आधीचं बाळ निरोगी होतं म्हणून पुढच्या वेळी शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना तो पालकांकडून आलेला असतो, बाकीच्यांत नव्याने उद्भवतो.

दोन्ही पालक निरोगी असून रक्तात उत्परिवर्तन नसेल तर धोका कमी, पण शून्य नाही. आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींतच दोष असू शकतो आणि तो रक्तात दिसत नाही. म्हणून घरातलं उत्परिवर्तन माहीत असेल तर गर्भाची तपासणी याही कुटुंबांना उपलब्ध करून द्यायला हवी. वारेचा नमुना १०व्या आठवड्यानंतर, गर्भजलाचा १५व्यानंतर. प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेत गर्भ रोपणाआधीही तपासता येतो. तपासणी उत्परिवर्तन आहे की नाही तेवढंच सांगेल. आजार किती तीव्र असेल ते सांगणार नाही, आणि निर्णयाआधी हे कुटुंबाला नीट समजलेलं असावं.

नवरा-बायको दोघांनाही अ‍ॅनिरिडिया आहे. काही वेगळं आहे का?

आहे. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता निरोगी बाळाची, ५० टक्के अ‍ॅनिरिडियाची आणि २५ टक्के दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळाची, ज्याची परिस्थिती वर सांगितल्याप्रमाणे बहुधा जगण्यापलीकडची असते. अंधांसाठीच्या शाळांत आणि आधारगटांत जुळलेली लग्नं असतात, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका दुर्मिळ नाही. दोघांचीही उत्परिवर्तनं गरोदरपणाच्या आधी शोधून ठेवा. एकाचं जरी माहीत नसलं तरी गर्भाची तपासणी अर्धीच होते.

डोळ्यांशिवाय आणखी काय तपासावं?

गोंगाटात बोलणं समजत नाही अशी तक्रार असेल तर ती गांभीर्याने घ्या. नेहमीच्या श्रवणचाचणीत कान चांगले येतात, पण मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारे मार्ग अपुरे असू शकतात आणि दोन्ही कानांकडून आलेलं एकत्र जुळवणं अवघड जातं. यासाठी श्रवण-प्रक्रियेची वेगळी चाचणी असते. कमी दिसणाऱ्या मुलाची सगळी भिस्त ऐकण्यावर असते, म्हणून शाळेतल्या अडचणी नजरेवर ढकलण्याआधी ही चाचणी करून घ्या.

पीनिअल ग्रंथी लहान किंवा गैरहजर असल्याचं एमआरआयमध्ये दिसतं आणि मेलाटोनिन कमी असू शकतं. झोपेच्या वेळा विस्कटल्या असतील तर डॉक्टरांना हे सांगा, गोळी स्वतः सुरू करू नका. काहींना वास कमी येतो. घरात गॅस गळती किंवा जळाल्याचा वास त्यांना कळेलच असं नाही, तेव्हा धुराचा व गॅसचा अलार्म लावून घ्या. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही पॅक्स-६ लागतं आणि काही प्रौढांत साखर लवकर बिघडते, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर जोडून घ्या.